कृष्णविवरे नसती तर विश्वात काय कमी पडले असते?

ध्रुवमत्स्य (प्रश्न)

मी निवृत्त शिक्षक आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, पावसाळ्याचे महिने सोडून, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी मी शाळकरी मुलांना आकाशदर्शन घडवतो. साधने म्हणजे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, एक हिरवा लेझर आणि गच्चीवर अंथरलेल्या दोन सतरंज्या, एवढीच. गेल्या मे महिन्यात रात्री साडेअकराच्या पुढे धनू रास बरीच वर आली तेव्हा मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या मधल्या पट्ट्यावर लेझर रोखून मी सांगितले की, या दिशेला आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे, तिथे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि पृथ्वी जशी सूर्याभोवती फिरते तशी सगळी आकाशगंगा त्याच्याभोवती फिरते. त्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग ते काढून टाकलं तर आपण कुठे जाऊ?"

मी काहीतरी उत्तर दिले. मुलीचे समाधान झाले असावे, माझे मात्र झाले नाही, कारण घरी येऊन चार गोष्टी वाचल्यावर मला माझ्या उपमेचीच शंका येऊ लागली. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, केंद्रातले कृष्णविवर हा खरोखर तिचा आस असतो का? नसल्यास बहुतेक सगळ्या मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी ते कसे सापडते? आणि ताऱ्यांचा शेवट म्हणून मागे उरलेला गाळ एवढेच त्याचे स्थान आहे, की विश्व आज जसे दिसते तसे ते असण्यात त्याचा काही हात आहे? तर्क करण्यास माझी हरकत नाही, उलट तर्क वाचायलाच मी आलो आहे. मात्र जो तर्क आहे तो तर्क म्हणून आणि जे मोजलेले आहे ते मोजलेले म्हणून सांगावे, ही विनंती.

शर्मिष्ठा

ध्रुवमत्स्य सर, तुमची शंका रास्त आहे. ती उपमा सोडून द्यावी. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, म्हणून ग्रह त्याच्या धाकात राहतात. आकाशगंगेचे एकूण वस्तुमान, कृष्णद्रव्यासह (म्हणजे न दिसणाऱ्या, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्यासह), साधारण एक लाख कोटी सूर्यांइतके धरले, तर केंद्रातल्या कृष्णविवराचा वाटा दहा लाखांत चार भाग एवढाच निघतो. तुमच्या भागातलेच माप वापरायचे तर दहा टन उसाने भरलेल्या ट्रॉलीत त्रेचाळीस ग्रॅमचा एक तुकडा. तो तुकडा काढून घेतला तर ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

त्या मुलीला सांगा की, आपण कुठेही जाणार नाही. सूर्य सेकंदाला सुमारे २२० ते २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो तो त्याच्या कक्षेच्या आत असलेले तारे, वायू आणि कृष्णद्रव्य या सगळ्यांच्या एकत्रित ओढीमुळे, आणि त्या ओढीत कृष्णविवराचा हिस्सा वीस हजारांत एका भागाच्या आसपास आहे. त्याचा खरा अंमल केंद्राजवळच्या काही प्रकाशवर्षांपुरता आहे. तिथले तारे मात्र नक्की सैरावैरा होतील. त्यांच्यापैकी एस२ नावाचा तारा सोळा वर्षांत एक फेरी पुरी करतो आणि २०१८ साली तो कृष्णविवराच्या सर्वांत जवळ आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७,००० किलोमीटरच्या वर गेला होता. अशा ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजूनच रायनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी तिथल्या अदृश्य वस्तूचे वजन काढले आणि २०२० च्या नोबेल पारितोषिकात त्यांना रॉजर पेनरोझ यांच्यासोबत वाटा मिळाला. शिवाय ते विवर आज नाहीसे झाले तरी त्याची वर्दी आपल्याला सुमारे २६ ते २७ हजार वर्षांनी मिळेल, कारण गुरुत्वाकर्षणातला बदलही प्रकाशाच्याच वेगाने पोहोचतो.

म्हणजे वजनाच्या हिशेबात कृष्णविवर नगण्य आहे. गंमत अशी की, ऊर्जेच्या हिशेबात ते अजिबात नगण्य नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा मला येथेच आहे असे वाटते.

हायड्रोजनचा हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. सगळे तारे या ०.७ टक्क्यावर जगतात. कृष्णविवरात पडणारा वायू सरळ आत पडत नाही. तो गिरक्या घेत चकतीच्या रूपात जमतो, थरांच्या घर्षणाने तापतो आणि घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिच्यातून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, आत जाण्यापूर्वीच आपल्या वस्तुमानाचा मोठा भाग प्रारणाच्या रूपात टाकून जातो: विवर फिरत नसेल तर जवळपास सहा टक्के, आणि कमाल वेगाने फिरत असेल तर तत्त्वतः चाळीस टक्क्यांहून अधिक. "कृष्णविवरातून काही बाहेर येत नाही" हे वाक्य खरे आहे, पण दाराबाहेर जो गोंधळ चालतो त्याविषयी ते काहीच सांगत नाही.

आता एक आकडेमोड करू; वहीवर करता येण्याजोगी आहे. दहा हजार कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचा ताऱ्यांचा फुगवटा (मध्यभागी दाटलेला ताऱ्यांचा गोलसर पुंजका) असलेली दीर्घिका घ्या. अशा फुगवट्यात साधारण हजाराव्या भागाइतके, म्हणजे दहा कोटी सूर्यांचे कृष्णविवर आढळते. ते वाढताना गिळलेल्या वस्तुमानाच्या दहा टक्के ऊर्जा बाहेर पडली असे धरले तर एक कोटी सूर्य ऊर्जेत बदलल्यासारखे झाले. दुसऱ्या बाजूला, तो सगळा फुगवटा विस्कटून टाकण्यासाठी किती ऊर्जा लागेल? तिथले तारे सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने इतस्ततः फिरतात. हा वेग प्रकाशाच्या वेगाचा पंधराशेवा भाग आहे. त्याचा वर्ग केला की साडेबावीस लाखावा भाग येतो, म्हणजे बंधनऊर्जा सुमारे ४४ हजार सूर्य ऊर्जेत बदलल्याएवढी. एक कोटीला ४४ हजारांनी भागा. कृष्णविवराने आयुष्यभरात बाहेर टाकलेली ऊर्जा त्या फुगवट्याला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या सव्वादोनशे पटींच्या घरात आहे! यातला एक टक्का जरी आसपासच्या वायूला जाऊन भिडला तरी त्या दीर्घिकेचे भवितव्य बदलते.

तो भिडतो याचा सर्वांत सुंदर पुरावा ययाती तारकासमूहात आहे. (माझे टोपणनाव वाचून कोणी विनोद करण्यापूर्वी सांगते की, आकाशात शर्मिष्ठा आणि ययाती शेजारीच आहेत.) सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवरच्या ययाती दीर्घिकासमूहात दीर्घिकांच्या मधली जागा काही कोटी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली आहे. हा वायू क्ष-किरण फेकत सतत थंड होत असतो. हिशेबाने तो मध्यभागी गोठून दरवर्षी शेकडो सूर्यांइतके नवे तारे निर्माण व्हायला हवेत, परंतु प्रत्यक्षात तेवढे तारे तिथे जन्मताना दिसत नाहीत. कोणीतरी खालून आच देत आहे. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत मधल्या दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना वायूत पोकळ्या दिसतात, कढईतल्या उकळत्या रसात बुडबुडे उठावेत तशा, आणि त्यांच्याभोवती वर्तुळाकार तरंग पसरलेले दिसतात. २००३ साली या तरंगांचा अर्थ ध्वनिलहरी असा लावला गेला. दोन तरंगांच्या मधला काळ सुमारे एक कोटी वर्षे आहे. संगीताच्या भाषेत ती पट्टी पियानोच्या मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तके खाली येते. मधल्या कृष्णविवराच्या अगदी जवळून निघणारे झोत हे बुडबुडे फुगवतात, वायू तापता राहतो आणि ताऱ्यांची निर्मिती रोखली जाते.

हे सगळे ऐकायला जितके नीटस वाटते तितके ते नाही. ही ऊर्जा बुडबुड्यांतून वायूत नेमकी कशी मुरते, यावर एकमत नाही. २०१६ साली हितोमी या जपानी उपग्रहाने संपर्क तुटण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत याच समूहाच्या गाभ्यातल्या वायूची खळबळ मोजली. ती सेकंदाला अवघी १६४ किलोमीटर निघाली, अपेक्षेपेक्षा बरीच शांत. तेवढ्याने भागते की नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

नारायणगावकर

शर्मिष्ठाताईंनी पुष्कळ सांगितले आहे. मी शास्त्रज्ञ नाही, पण पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचक्रोशीत वाढलो असल्यामुळे या विषयात माझा थोडा गावकीचा हक्क आहे.

पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, ही माहिती पुस्तकांत मिळते. प्रत्यक्ष डिशखाली उभे राहिल्यावर ध्यानात येते ते वेगळेच: ती भरीव नाहीच. ती बारीक तारेच्या जाळीची आहे, वर पाहिले की तिच्यातून आभाळ दिसते आणि वारा आरपार जातो. एवढी मोठी वस्तू एवढी हलकी करता आली म्हणूनच ती आपल्याकडे, आपल्या खर्चात, उभी राहू शकली. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने त्या लहरींच्या लेखी ही जाळी म्हणजे सलग पत्राच. विज्ञान दिनाला तेथे जत्रा भरल्यासारखी गर्दी असते आणि मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तेव्हा शाळकरी वयात मला ते उगाच वाटे.

या दुर्बिणीचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. भुजंगधारी तारकासमूहात सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर एक दीर्घिकासमूह आहे. त्याच्या गरम वायूत क्ष-किरण चित्रांवरून एक वक्र कड दिसली होती, परंतु ती कृष्णविवराने पाडलेल्या पोकळीची कड आहे यावर प्रथम विश्वास बसत नव्हता, कारण पोकळी फारच प्रचंड ठरत होती. खोडदच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांत ती पोकळी रेडिओ प्रारणाने काठोकाठ भरलेली दिसली आणि २०२० साली निर्णय लागला. आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा दीर्घिका एका रांगेत मावतील एवढी ती पोकळी आहे. तोपर्यंत ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या अशा उद्रेकाच्या पाचपट ऊर्जा त्यासाठी लागली असावी.

दुसरे उदाहरण २०२४ चे आहे. पॉर्फिरिऑन असे नाव दिलेल्या झोतांच्या जोडीची टोकापासून टोकापर्यंतची लांबी सुमारे २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे आहे. ती युरोपातल्या लोफार दुर्बिणीने शोधली, पण हे झोत नक्की कोणत्या दीर्घिकेतून निघाले हे ठरवण्याच्या कामात खोडदची निरीक्षणेही उपयोगी पडली. ज्या वस्तूचे क्षितिज फार तर सूर्यमालेच्या मापाचे असेल, तिने फेकलेला झोत दीर्घिका ओलांडून, समूह ओलांडून, दोन समूहांमधल्या ओसाड प्रदेशात पोहोचतो. तिथे तो चुंबकीय क्षेत्र आणि ऊर्जा पेरत असेल, असा संशोधकांचा तर्क आहे. हा तर्कच, सर; मोजमाप अजून व्हायचे आहे.

तर्कट

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, मात्र शीर्षकाला आणि चर्चेच्या ओघाला माझी एक हरकत आहे. नदीकाठी गाव वसते म्हणून नदी गावासाठी वाहते असे होत नाही. कृष्णविवराचा विश्वात "हात" आहे असे आपण म्हणू लागलो की नकळत त्याला नेमून दिलेले काम आहे असा सूर लागतो, आणि मग जिथे तिथे ते काम दिसू लागते.

काम एवढे महत्त्वाचे असेल तर त्यावाचून अडायला हवे. त्रिकोण तारकासमूहातली एम३३ ही सर्पिल दीर्घिका पाहा. देवयानी दीर्घिकेच्या शेजारची, आपल्यापासून तीस लाख प्रकाशवर्षांच्या आतली, उत्तम अंधारात साध्या द्विनेत्रीतून दिसणारी. तिच्या केंद्रातल्या ताऱ्यांच्या गती मोजल्यावर तिथे महाकाय कृष्णविवर आढळले नाही. असलेच तर ते काही हजार सूर्यांपेक्षा जड असू शकत नाही. तरी तिला सर्पिल भुजा आहेत, तारे जन्मत आहेत, सगळे सुरळीत चालले आहे.

दुसरा मुद्दा कृष्णविवराचे वस्तुमान आणि फुगवट्याचे गुणधर्म यांच्या प्रसिद्ध संबंधाचा. २००० साली दोन गटांनी दाखवले की फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग जितके जास्त, तितके मधले विवर जड, आणि हा संबंध आश्चर्यकारक रीतीने घट्ट आहे. त्यावरून विवर आणि दीर्घिका एकमेकांना सांभाळत वाढतात असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. परंतु वेगवेगळ्या प्रमाणात ज्वारी-बाजरी मिसळलेली शंभर पोती घ्या, दोन-दोन पोती एकत्र ओतत जा. काही फेऱ्यांनंतर प्रत्येक ढिगातले प्रमाण सरासरीजवळ येईलच, त्यासाठी ज्वारीने बाजरीवर नियंत्रण ठेवण्याची गरज नाही. दीर्घिका एकमेकींत विलीन होतात तेव्हा त्यांची विवरेही विलीन होतात. केवळ या बेरजेतूनही असा संबंध उद्भवू शकतो, हे गणिताने दाखवलेले आहे.

शर्मिष्ठा

तर्कट यांची "हात" या शब्दावरची हरकत मान्य. मीही वर्गात तो जपूनच वापरीन. एम३३ चे उदाहरण तर मला आवडतेच, कारण त्यातून एक मर्यादा स्पष्ट होते: फुगवटा जवळपास नसलेल्या दीर्घिकेला मोठ्या विवरावाचून चालते. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांना मात्र चालत नाही असे दिसते. संगणकावर विश्व घडवून पाहणारे लोक कृष्णविवरांची आच वगळून प्रयोग करतात, तेव्हा या दीर्घिका आकाशात दिसतात त्यापेक्षा फार जड आणि निळ्या, म्हणजे तरुण ताऱ्यांनी भरलेल्या, निघतात. पोत्यांचा दृष्टांत वस्तुमानांचे प्रमाण समजावतो. वायू थंड का होत नाही, हे तो समजावत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आच नेहमी विझवतेच असेही नाही. हेनाइझ २-१० या सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षांवरच्या बुटक्या दीर्घिकेत विवराजवळून निघालेला वायूचा प्रवाह सुमारे २३० प्रकाशवर्षांवरच्या दाट ढगाला जाऊन धडकतो आणि तिथे उलट नवे तारे जन्माला घालतो, असे हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२२ साली मांडले गेले. चुलीत फुंकर किती जोराची, यावर विस्तव पेटतो की राख उडते हे ठरते, तसेच काहीसे.

पण खरा पेच वेगळाच आहे: आधी कोण? साधारण समज असा होता की तारे आधी, मग त्यांच्या मृत्यूतून विवरे, आणि मग ती खाऊन-पिऊन महाकाय. याला वेळ पुरत नाही. विवर फार वेगाने गिळू लागले की त्याच्याच प्रारणाचा दाब येणारा वायू मागे लोटतो. या मर्यादेत राहून त्याचे वस्तुमान दुप्पट व्हायला साडेतीन कोटी वर्षांच्या आसपास काळ लागतो. शंभर सूर्यांपासून शंभर कोटी सूर्यांपर्यंत जायचे तर चोवीस वेळा दुप्पट व्हावे लागेल, म्हणजे ताट एकदाही रिकामे न पडता चौऱ्याऐंशी कोटी वर्षे. आणि महास्फोटानंतर सदुसष्ट कोटी वर्षांनीच १६० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे विवर असलेला क्वेसार (वायू गिळणाऱ्या विवरामुळे झगमगणारे दीर्घिकेचे केंद्र) आपल्याला दिसलेला आहे.

म्हणून काहींनी असे सुचवले की, आद्य वायूचे काही प्रचंड ढग तारे न बनताच थेट कोसळले आणि दहा हजार ते लाखभर सूर्यांची "जड बीजे" तयार झाली. प्रियंवदा नटराजन आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेवरून एक ठोस अपेक्षा मांडली होती: अगदी आरंभीच्या काळात अशा काही दीर्घिका दिसाव्यात की ज्यांत विवराचे वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या तोडीचे असेल. २०२३ साली वेब आणि चंद्रा दुर्बिणींनी मिळून यूएचझी१ ही दीर्घिका दाखवली. तिच्याकडून निघालेला प्रकाश महास्फोटानंतर सुमारे ४७ कोटी वर्षांचा आहे, आणि तिच्यातले विवर एक ते दहा कोटी सूर्यांचे, म्हणजे तिच्या ताऱ्यांच्या बरोबरीचे भरते. आज जे प्रमाण हजारास एक आहे ते तिथे एकास एक आहे! एका दीर्घिकेवरून सिद्धान्त पक्का होत नाही, परंतु विवर हा "मागे उरलेला गाळ" आहे असे म्हणणे आता अवघड झाले आहे. काही ठिकाणी ते विरजण असावे.

ध्रुवमत्स्य

सर्वांचे मनापासून आभार. "विरजण" हा शब्द मी मुलांसाठी उचलतो आहे. एक उपप्रश्न राहिला. आपले अवघे विश्वच एखाद्या कृष्णविवराच्या पोटात आहे, प्रत्येक कृष्णविवरातून नवे विश्व जन्मते, अशा गोष्टी मुले व्हिडिओंत पाहून येतात आणि मला विचारतात. यांना कितपत गंभीरपणे घ्यावे?

अगस्त्य

या कल्पनांची थट्टा करू नये आणि त्यांना शरणही जाऊ नये, असे माझे मत आहे. त्यांच्यातला फरक कशात पाहावा तर, कोणती कल्पना स्वतःला चूक ठरवण्याची सोय करून ठेवते, यात.

"विश्व म्हणजे कृष्णविवर" ही कल्पना राजकुमार पाथ्रिया यांनी १९७२ साली नेचर या नियतकालिकात मांडली होती. तिचा आधार म्हणून नेहमी सांगितले जाते की, आपल्याला दिसणाऱ्या विश्वाचे वस्तुमान घेऊन त्याची कृष्णविवर-त्रिज्या काढली तर ती जवळपास विश्वाच्याच मापाची येते. हा योगायोग ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण गणित तपासले की तो विरतो. विश्वाचे अवकाश सपाट असेल तर त्याची घनता विस्ताराच्या दराशी ठरावीक सूत्राने बांधलेली असते, आणि ती घनता वापरून त्रिज्या काढली की तेच सूत्र उलट्या बाजूने बाहेर येते. म्हणजे सपाटपणाच आपण दुसऱ्या शब्दांत सांगत असतो. शिवाय कृष्णविवरात शिरलेल्याचा अंत भविष्यात असतो, तर आपल्या विश्वातली ती अतिघन अवस्था भूतकाळात आहे. तुलना करायचीच तर श्वेतविवराशी, म्हणजे ज्यातून फक्त बाहेर येता येते अशा काल्पनिक विवराशी, करावी लागेल.

ली स्मोलिन यांनी १९९२ साली मांडलेली कल्पना याहून धाडसी आणि तरीही, माझ्या मते, अधिक प्रामाणिक आहे. प्रत्येक कृष्णविवरातून एक नवे विश्व फुटते, त्यात निसर्गाचे स्थिरांक किंचित बदललेले असतात, आणि ज्या विश्वात जास्त कृष्णविवरे तयार होतात त्याची "संतती" जास्त. म्हणून आपले विश्व कृष्णविवरांच्या उत्पादनासाठी जवळपास सर्वोत्तम असले पाहिजे. येथवर ही केवळ कथा आहे. परंतु स्मोलिन पुढे म्हणाले की, हे खरे असेल तर न्यूट्रॉन ताऱ्यांचे (मोठ्या ताऱ्यांच्या मृत्यूनंतर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांचे) कमाल वस्तुमान कमी असायला हवे, म्हणजे जास्तीत जास्त तारे त्या पायरीवर न थांबता विवर बनतील. आणि त्यांनी ही मर्यादा सुमारे १.६ सूर्य अशी दिली. २०१० साली १.९७ सूर्यांचा न्यूट्रॉन तारा मोजला गेला आणि पुढे २.०८ सूर्यांच्या आसपासचा आणखी एक. ज्या रूपात ती कल्पना मांडली गेली होती त्या रूपात तिला तडा गेला. विद्यार्थ्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी. एवढी दूरची कल्पनाही एका ताऱ्याच्या वजनाला कशी अडकते, हे तिच्यातून दिसते.

याच संदर्भात जयंत नारळीकरांची आठवण होणे साहजिक आहे. फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ साली मांडलेल्या प्रतिमानात एकच महास्फोट नव्हता. अतिघन, कोसळलेल्या वस्तूंच्या आसपासच्या तीव्र गुरुत्वक्षेत्रात द्रव्यनिर्मितीच्या लहान-लहान घटना होतात आणि त्यातून विश्व पसरत राहते, असे त्यांचे म्हणणे होते. इतर सगळे ज्या जागेला शेवट म्हणत होते तिथे त्यांनी आरंभ ठेवला. विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेतून उरलेल्या, पार्श्वभूमीच्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या मोजमापांपुढे हे प्रतिमान बहुसंख्य संशोधकांना पटले नाही, आणि मलाही ते पटत नाही. तरी प्रचलित मताला प्रश्न विचारायचा तर समीकरणांसह विचारावा, हा धडा आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात वावरलेल्या आमच्या पिढीला त्यांच्याकडूनच मिळाला.

आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओंत क्वचितच येते. भौतिकशास्त्रात अव्यवस्थेचे एक माप आहे, एन्ट्रॉपी. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या सूत्रानुसार कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते. त्या हिशेबाने आपल्या आकाशगंगेतल्या एकट्या विवराची एन्ट्रॉपी, दृश्य विश्वात भरून राहिलेल्या साऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या सुमारे साडेतीनपट भरते. काळ पुढे सरकतो म्हणजे एन्ट्रॉपी वाढते असे मानले, तर विश्वाच्या या जमाखर्चाच्या वहीतली जवळपास सगळी रक्कम कृष्णविवरांच्याच खात्यावर आहे. वस्तुमानात दहा लाखांत चार भाग, आणि या खात्यात जवळजवळ सर्वस्व. याचा नेमका अर्थ काय, यावर मी बराच विचार केला आहे आणि उत्तर माझ्याजवळ नाही.

तर्कट

शर्मिष्ठाताईंच्या उसाच्या ट्रॉलीविषयी एक दुरुस्ती सुचवतो. त्रेचाळीस ग्रॅम हा आकडा कृष्णद्रव्य धरून काढलेला आहे. मुलांना कृष्णद्रव्य अजून शिकवलेले नसेल आणि ती ट्रॉली म्हणजे "आकाशगंगेतले तारे" असे समजत असतील, तर ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे सहा हजार कोटी सूर्य धरून तो तुकडा पाऊण किलोच्या जवळ जातो.

शर्मिष्ठा

बरोबर आहे. सर, मुलांपुढे पाऊण किलोच सांगावे, आणि ट्रॉलीत फक्त तारे भरले आहेत हे आधी स्पष्ट करावे. ट्रॅक्टरला तेवढ्यानेही फरक पडत नाही.